नोरासानच्या गावचा किल्ला

जपानमधल्या सेंदाईच्या किल्ल्यावर पोचलेला प्रत्येक माणूस पहिला प्रश्न हाच विचारतो, "किल्ला कुठाय?" मीही तोच विचारला होता, आणि पुण्याची असल्यामुळे जरा तोऱ्यातच विचारला होता. बसनं डोंगरावर आणून सोडलं, आणि बघते तर काय, एक मोकळं मैदान, घोड्यावर बसलेल्या सरदाराचा पुतळा, आइस्क्रीमचं दुकान आणि खाली पसरलेलं शहर. दरवाजा नाही, बुरूज नाही, काही नाही. कॉलेजात असताना सुट्टी मिळाली की सह्याद्रीतला एखादा किल्ला पायाखाली घालणाऱ्या बाईला हे दाखवता? मी निखिलला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, मोठ्यानं म्हटलं, "फसवलं रे आपल्याला! किल्ला कुठाय?"

"त्यातच उभी आहेस तू," मागून कोणीतरी इंग्रजीत म्हणालं.

आम्ही मराठीत बोलत होतो, पण मला काय म्हणायचंय ते त्या बाईंना न कळायला काय झालं! रोज ऐकत असणार. सत्तरीच्या आसपासच्या, आखूड पांढरे केस, थंडीनं लालबुंद झालेले गाल, आणि अंगात स्वयंसेवक गाइडचं हिरवं जाकीट. त्यांनी माझा दंड धरला आणि मला सरळ उतारावरून खाली घेऊन गेल्या. तिथं आमच्या तिमजली इमारतीपेक्षा उंच अशी दगडी भिंत होती, चिऱ्याला चिरा लागलेला.

"भूकंपात ढासळली होती," त्या म्हणाल्या. "मग प्रत्येक दगडाला नंबर दिला. जुन्या फोटोंवरून त्याची जागा शोधली, आणि जिथला दगड तिथंच बसवला. शेजारचा चालत नाही, नवा चालत नाही. तोच दगड, त्याच जागी."

हे त्यांनी अशा थाटात सांगितलं की वाटावं, सगळे दगड बाईंनी स्वतःच उचलून ठेवलेत. या नोरा, म्हणजे जपानी रीतीनं नोरासान. मूळच्या आयर्लंडच्या, बॅलीडरीन नावाच्या एका चिमुकल्या खेड्यातल्या. ऐन विशीत एक वर्षासाठी म्हणून सेंदाईला इंग्रजी शिकवायला आल्या, इथल्या एका भूगोलाच्या शिक्षकाशी लग्न केलं आणि राहिल्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. "ते एक वर्ष अजून संपलेलं नाही," असं त्या म्हणायच्या. बोलता बोलता कळलं, की आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहतात. झालं! त्या दिवशी बसनं आम्ही तिघं एकत्रच उतरलो, आणि पुढची काही वर्षं माझी निम्मी संध्याकाळ त्यांच्या स्वयंपाकघरातच जायला लागली.

आमचं जमलं ते चहावर. जपान्यांच्या हिरव्या चहाला त्या भाजी उकडलेलं पाणी म्हणत, अर्थात कोणी जपानी जवळ नसताना. त्यांचा चहा काळाकुट्ट, दूध घालून, चमचा उभा राहील असा. मी विद्यापीठातल्या प्रयोगशाळेतून दमून यायचे, आणि तो कप हातात आला की माहेरी आल्यासारखं वाटायचं. घरात ओव्हन नव्हता, म्हणून मासे भाजायच्या छोट्या ग्रिलमध्ये त्या आपल्या गावचा सोड्याचा पाव भाजत. पावाला कधीकधी बांगड्याचा वास यायचा. मी नाक मुरडलं की म्हणायच्या, "माझ्या आईनं हा पाव खाल्ला असता तर मला घराबाहेर काढलं असतं. तू गप्प खा."

जपानी बोलायच्या तर ती अगदी इथल्या गावाकडची, भाजीवाल्या आज्ज्यांसारखी. "हो" म्हणायचं असलं की "न्दा, न्दा" करत मान हलवायच्या. ही गोरीपान बाई सायकलच्या बास्केटमध्ये मुळे टाकून "न्दा, न्दा" करत निघाली की टोकियोहून आलेले पाहुणे थांबून बघत राहायचे. गल्लीत कोणी प्लॅस्टिकच्या दिवशी काचेच्या बाटल्या टाकल्या की कोणी टाकल्या ते नोरासान शोधून काढणारच. एकदा मीच सापडले. तेव्हापासून आमच्या घरातला कचरा लग्नाच्या रुखवतासारखा मांडलेला असायचा.

पण त्यांची खरी खोड वेगळीच. कोणी काहीही सांगितलं की त्या मान तिरकी करून विचारायच्या, "आणि हे तुला कोणी सांगितलं?" हवामानापासून शेजारणीच्या घटस्फोटापर्यंत कशालाही. आधी राग यायचा. नंतर मीच काही सांगायच्या आधी, कोणी सांगितलं ते सांगून टाकायला लागले.

एका वर्षी आमच्या गणपतीला मी त्यांना घेऊन गेले. सेंदाईत आम्ही मराठी मंडळी मोजकीच, एका नागरी केंद्राची खोली घेतो, आणि टोकियोतल्या निशी-कसाईहून कोणी ना कोणी उत्साही माणूस मोदकांचे डबे घेऊन येतो. त्या वर्षी कुलकर्णीकाका आले होते, मुलाकडे राहायला आलेले. जेवणं झाल्यावर काका रंगात आले. त्यांच्या गावच्या किल्ल्याचं भुयार, घोडेस्वार ताठ बसून जाईल एवढं मोठं, थेट नदीपलीकडे निघतं म्हणे. मी नोरासानना भाषांतर करून सांगत होते आणि मनात म्हणत होते, आता येणार.

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?" आलंच!

"अहो, गावात सगळ्यांना माहीत आहे."

"तुम्ही आत गेला होतात?"

"आता बंद झालंय ते. आमच्या आजोबांच्या आधीच."

नोरासाननी मोदक खाली ठेवला. "आमच्याही किल्ल्याला भुयार आहे, थेट मठापर्यंत. तेही माझ्या आजोबांच्या आधीच बंद झालं. काय योगायोग बघा!" आख्खी खोली हसली, आणि काका सगळ्यात जास्त हसले. जाताना त्यांनी बाईंना उरलेल्या मोदकांचा डबाच देऊन टाकला.

त्या रात्री परतताना मी विचारलं, "तुमच्याही गावाला किल्ला आहे? कधी बोलला नाहीत." त्यांनी फोनवर फोटो दाखवला. हिरव्या कुरणात एकच उंच, चौकोनी, छप्पर नसलेला दगडी मनोरा, आणि आजूबाजूला मेंढ्या. मला हसूच आवरेना.

"हा किल्ला? आमच्याकडे याला बुरूज म्हणतात. आणि तोही एखादाच."

"तुम्हाला डोंगर फुकट मिळाले," त्या फणकारल्या. "आम्हाला सगळं जमिनीपासून बांधावं लागलं."

मग मात्र त्या रोज बोलायला लागल्या. नदीच्या उतारावर लक्ष ठेवायला कोणा सरदारानं तो मनोरा बांधला, त्याच्या सावलीत आठवड्याचा बाजार भरायला लागला आणि बाजाराभोवती गाव. पुढे बटाट्याचं पीक कुजलं, तेव्हा निम्मं गाव उपाशी मेलं किंवा जहाजात बसून निघून गेलं. जे उरले त्यांची घरंही भाडं थकलं म्हणून जमीनदाराच्या माणसांनी पाडली. आणि किल्ला? तो त्याच्या कितीतरी आधी इंग्रजांच्या सैन्यानं तोफा लावून पाडला, हे गावातलं शेंबडं पोरसुद्धा सांगतं. मी लगेच म्हटलं, "आमचेही किल्ले इंग्रजांनीच तोफा लावून पाडले!" आम्ही दोघींनी मिळून इंग्रजांना यथेच्छ शिव्या घातल्या. चहा छान लागला त्या दिवशी.

गावानं त्यांना गावाचा इतिहास लिहायला सांगितला होता. लहानसं पुस्तक, उन्हाळ्यातल्या जत्रेत वाटायला. गेली दोन वर्षं त्या लिहीत होत्या आणि एकाच प्रकरणावर अडल्या होत्या. कारण त्यांना एक जुनं चित्र सापडलं होतं. कोणा प्रवाशानं काढलेलं, सैन्य येऊन गेल्यानंतर बऱ्याच काळानं. त्यात किल्ला ठणठणीत उभा होता, चारही भिंती, आवार, खिडक्या, सगळं.

"मग तोफा?" मी विचारलं.

"तोफा आल्या, गेल्या," त्या म्हणाल्या. "पन्नास वर्षं मी लोकांना विचारत फिरले, की तुम्हाला कोणी सांगितलं. स्वतःला कधी विचारलंच नाही."

थंडीत एके संध्याकाळी आम्ही केरोसीनच्या स्टोव्हजवळ बसलो होतो आणि त्यांच्या भावाचा व्हिडिओ कॉल आला. डेक्लन त्यांचा धाकटा भाऊ, गावातच मेंढ्या आणि गाई पाळणारा. किल्ला त्याच्याच कुरणात. तिकडे सकाळ होती, आणि हा अंगणात टोपी घालून उभा.

"वादळ झालं," तो म्हणाला. "पश्चिमेची भिंत पडली. वरची अर्धी."

नोरासानचा हात तोंडावर गेला. "कोणाला लागलं?"

"नाही गं. एक मेंढी बिथरली, बस्स."

"आणि दगड? दगड जागेवर आहेत ना?"

"आहेत की. दगड कुठं जाणार?"

नोरासान पडद्याच्या जवळ सरकल्या. "डेक्लन. तुझ्या मागे काय आहे?"

त्यानं मागे वळून बघितलं, जणू त्यालाही पहिल्यांदाच दिसत होतं. त्याच्यामागे ढकलगाडी होती, आणि ढकलगाडीशेजारी घडीव दगडांचा हा एवढा ढीग. "अगं, वादळ झालं म्हणून," तो म्हणाला. "सगळ्यांनीच नेले. मी नसते नेले तर दुसऱ्यानं नेले असते."

तो त्यांच्या गावचा रिवाजच होता. वादळ झालं की दुसऱ्या दिवशी उजाडताच ढकलगाडी घेऊन किल्ल्यावर जायचं. पडलेला दगड ज्याला मिळेल त्याचा, उभ्या दगडाला मात्र हात लावायचा नाही. चोरी वगैरे कोणाच्या मनातसुद्धा नाही. आपण वाऱ्यानं पडलेल्या कैऱ्या वेचतो, तसं. नोरासान स्वतः लहानपणी बापाच्या मागे ढकलगाडी ढकलत गेल्या होत्या.

कॉल संपल्यावर त्या उठल्या, भिंतीवरचा एक फोटो काढून माझ्यासमोर ठेवला. "काय दिसतंय?"

"तुमचे वडील. आणि गाय."

"त्यांच्या मागे बघ."

मागे गोठा होता. साधाच, ओबडधोबड. आणि त्या गोठ्याला वर निमुळती होत गेलेली, नक्षीकाम केलेली दगडी खिडकी! "अगं बाई," मी म्हटलं, "हिच्यातून गाय बघायची?"

"लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच गोठ्यांना अशी खिडकी असते," नोरासान म्हणाल्या, आणि प्रवाशाचं ते चित्र त्यांनी फोटोशेजारी ठेवलं. किल्ल्याच्या पूर्वेच्या भिंतीत तीच खिडकी होती. आज तिथं नुसतं भगदाड आहे.

पंधरवड्यात कौन्सिलचा इंजिनिअर येऊन बघून गेला. पूर्वेची भिंत भगदाडावर खचतेय, म्हणाला. खिडकीची मूळ चौकट आणि पडलेले दगड मिळाले, गावानं जबाबदारी घेतली, तर डागडुजी करता येईल. नाहीतर माणसांच्या जिवाला धोका नको, कमरेइतकं ठेवून बाकी सगळं उतरवायचं आणि कुंपण घालायचं. उन्हाळ्यापर्यंत काय ते सांगा. हे सगळं मला नोरासाननी सांगितलं. एवढ्या वर्षांत त्यांना सेंदाई आपली वाटायला लागली होती, पण रोज रात्री डोळे मिटले की तो मनोरा दिसल्याशिवाय झोप येत नाही, असं त्या म्हणाल्या. त्यांना बाकी काही नको होतं. तो उभा राहायला हवा होता.

आणि अशा वेळी बाईंनी काय करावं? अडलेलं प्रकरण एका बैठकीत लिहून काढलं आणि गावातल्या प्रत्येक घराला पाठवलं. पहिलंच वाक्य होतं, "आमचा किल्ला कोणत्याही सैन्यानं पाडला नाही. तो आपण नेला, आणि माझ्या बापाच्या गोठ्याला त्याची खिडकी आहे." दुसऱ्या कोणाच्याही घराचं नाव नाही, फक्त स्वतःच्या. शेवटी विनंती, की ज्यांनी वादळानंतर दगड नेले असतील त्यांनी कृपा करून परत आणून ठेवावेत, आम्ही त्यांना नंबर देऊ, फोटोंवरून जागा शोधू. जपानमध्ये हे होतं, मी डोळ्यांनी पाहिलंय.

मी वाचून म्हटलं, "नोरासान, पुण्यात असं लिहिलं असतं तर तुमच्या घरावर मोर्चा आला असता."

"मोर्चा आला तर बरं," त्या म्हणाल्या. "मोर्चातली माणसं निदान बोलतात."

गाव बोललंच नाही. डेक्लननं फोन केला तो फक्त ओरडायला. आख्ख्या गावाला दगडचोर ठरवलंस, आपल्या मेलेल्या बापाला चव्हाट्यावर आणलंस, जपानी लोकांचं कौतुक तुझ्याजवळ ठेव! आणि फोन आपटला. मग काहीच नाही. रविवारचा त्याचा कॉल बंद झाला. जत्रेच्या कमिटीनं कळवलं, की यंदा पुस्तकाचं राहू दे. कुरणातून रोज फोटो पाठवणारी बालमैत्रीणसुद्धा गप्प झाली. फेब्रुवारी, मार्च असेच गेले. नोरासान किल्ल्यावर गाइडचं काम करत होत्या, पर्यटकांना दगडांचे नंबर दाखवत होत्या, आणि घरी आल्या की दिवा न लावता बसत होत्या. एके संध्याकाळी मी वरणभाताचा डबा घेऊन गेले तर म्हणाल्या, "किल्ला वाचवायला गेले आणि गावच घालवून बसले, मुक्ता."

मी भात कालवून ताट त्यांच्या पुढ्यात ठेवलं. त्यांनी मुकाट्यानं खाल्लं. जाताना त्यांना मिठी मारली, तर किती बारीक झाल्यात ते हाताला कळलं.

चेरी फुलून गेल्यावर, एका रविवारी संध्याकाळी, माझा फोन वाजला. "ये," एवढंच म्हणाल्या. मी चपला उलट्यासुलट्या घालून धावले. वाटलं, तब्येत बिघडली. बघते तर बाई टेबलाशी उभ्या, आणि पडद्यावर डेक्लन. ट्रॅक्टरवर बसलेला, चांगला कोट घातलेला, कानापर्यंत लाल.

"दुसरं पान वाचलं," तो म्हणाला.

"म्हणजे तू..."

"पहिलं पान वाचून फाडलं होतं मी. काल शेल्फमागे दुसरं सापडलं."

दुसऱ्या पानावर नोरासाननी लिहिलं होतं, की उपासमारीच्या काळात घरं पाडली गेलेल्या माणसांना थंडीत डोक्यावर छप्पर हवं होतं, आणि जमीनदार त्यांना एक फांदीसुद्धा तोडू देत नव्हता. किल्ल्याच्या दगडांवर मात्र कोणाचा हक्क नव्हता. त्यांनी त्याच्या भिंती केल्या, त्यात पोरं जगवली. बॅलीडरीन आज नकाशावर आहे ते त्या दगडांमुळे. तेव्हा लाजायचं कारण नाही. फक्त आता आपल्या डोक्यावर छप्पर आहे, आणि किल्ल्याच्या नाही.

"ही गोष्ट पहिल्या पानावर लिहायची की नाही, मूर्ख बाई!" डेक्लन ओरडला. त्याचा आवाज फाटला होता. मग त्यानं फोन मागे वळवला. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, गवतावर, जुन्या गोधड्यांत गुंडाळलेली ती खिडकी होती. गोठ्यातून सोडवलेली, तुकडा न् तुकडा, प्रत्येकावर खडूनं नंबर घातलेला.

आणि हा गृहस्थ ती घेऊन आडवाटेनं नाही गेला. रविवारची प्रार्थना सुटायच्या वेळेला, चर्चवरून, दुकानांवरून, दारूच्या गुत्त्यावरून, गावच्या एकुलत्या एक रस्त्यानं ट्रॅक्टर हाकत गेला. फोन त्यानं पुढे टांगला होता. आम्ही दोघी सेंदाईच्या स्वयंपाकघरात हात घट्ट धरून बघत होतो. चर्चच्या पायऱ्यांवर सगळं गाव थिजल्यासारखं उभं होतं. कोणी टोपी काढली, कोणी तोंड फिरवलं. नोरासान रडत होत्या, मी तर त्यांच्याहून मोठ्यानं.

दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ल्याच्या पायथ्याशी दगडांची एक छोटीशी रांग होती. कोणी ठेवले, कोणी बघितलं नाही. तिसऱ्या दिवशी रांग वाढली. आठवड्यात डेक्लनचा फोन आला आणि तो हसत सुटला, त्याला बोलताच येईना. वादळात पडले होते त्याहून जास्त दगड परत आले होते! लोकांनी आज्यापणज्यांच्या वेळचे काढून आणले होते. कोणाच्या बागेतला बाक, कोणाच्या चुलीवरची शिळा, दुकानदारानं दारात कोणी गाडी लावू नये म्हणून ठेवलेला कोरीव ठोकळा. जो तो म्हणायचा, मला वाटेत सापडला. कौन्सिलच्या माणसानं येऊन ढीग बघितला, डोकं खाजवलं आणि पूर्वेच्या भिंतीला टेकू लावायचा हुकूम दिला.

"आता नंबर कोण घालणार?" नोरासान मला म्हणाल्या. "ते गाढव एकापुढे एक घालत सुटलंय. वरचा कुठला, खालचा कुठला, त्याला काय कळतंय?" आणि मला कळलं, की त्या निघाल्या.

सेंदाई स्टेशनवर त्यांना सोडायला अर्धी गल्ली आली होती. शिनकानसेन, म्हणजे बुलेट ट्रेन, सुटायच्या आधी त्या प्रत्येकाला काही ना काही बजावत होत्या, मला बाटल्यांचं. रडायचं नाही असं दोघींनी ठरवलं होतं, ते अर्थातच पाळलं नाही. एका वर्षासाठी जाते, म्हणाल्या. मी मानेनंच हो म्हटलं.

त्यांना शेवटचं बघितलं ते फोनवरच, याच उन्हाळ्यात. डेक्लननं कॉल लावला आणि फोन कुठल्याशा दगडाला टेकवून तो कामाला निघून गेला, म्हणजे मी आणि निखिल बघतोय हे नोरासानना ठाऊकच नव्हतं. मनोऱ्याभोवती परांची बांधली होती. बाई गवतात खुर्ची टाकून बसल्या होत्या, हातात खडू, मांडीवर फोटो, आणि भावाला वरच्या आवाजात काहीतरी सुनावत होत्या. तेवढ्यात कुरणाच्या फाटकातून एक म्हातारी बाई आली, नातवंडाची बाबागाडी ढकलत. बाबागाडीत नातवंड नव्हतं. तिथं चादरीखाली एक दगड होता. ती बाई थोडी दूरच थांबली, पुढं यावं की परत फिरावं असं तिचं चाललं होतं.

नोरासान खुर्चीतून उठल्या. हात स्कर्टला पुसले, पुढं झाल्या, दोन्ही हातांनी तो दगड उचलून घेतला, आणि तो तसाच छातीशी धरून कमरेतून खाली वाकल्या, अगदी जपानी रीतीनं, कितीतरी वेळ. ती बाई गोंधळली. तिनं इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग बाबागाडीचा दांडा सोडून, अवघडलेल्या अंगानं, तीही वाकली.